हर्पिस आहे हे कळलंय. होणाऱ्या बायकोला धोका नेमका किती?

मखमलाबाद_नाका

नमस्कार. एरवी मी इथे ट्रेकच्या धाग्यांवर असतो, या विषयासाठी वेगळा आयडी काढलाय. संपादकांना कल्पना दिली आहे.

वय ३१, अंबडला एका कंपनीत नोकरी. मागच्या पावसाळ्यात अंगात कसकस, जांघेत अवधाण, लघवीला जीव जाईल अशी आग, आणि मग खाली पाण्याचे बारीक फोड. आईला फक्त लघवीचं सांगितलं होतं. तिच्या मते उष्णता, म्हणून सब्जा आणि जिऱ्याचं पाणी झालं. मेडिकलवाल्याने गजकर्णाचं मलम हातात ठेवलं. शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बघताक्षणीच हर्पिस म्हणून सांगितलं, असायक्लोव्हिर लिहून दिलं, आणि आठवड्याभरात सगळं वाळलं. नंतर एकदा परत आलं, पण किरकोळ.

आता मुद्दा. लग्न ठरतंय. मुलगी निफाडकडची, नोकरी पुण्यात. पत्रिका जुळली, घरच्यांची पसंती झाली, आम्ही रोज फोनवर बोलतो आणि मला ती मनापासून आवडली आहे. दिवाळीनंतर साखरपुडा. डॉक्टर म्हणाले होते की फोड असतील तेव्हा लांब राहायचं, बाकी वेळी काळजी नको. नेटवर मात्र कुठे लिहिलंय की फोड नसतानाही लागतो, तर कुठे की कंडोमचा काही उपयोग नाही. तिला माझ्यापासून लागण होण्याचा धोका किती? शंभरात एक की शंभरात पन्नास? आणि तो अगदीच किरकोळ असेल तर सांगायलाच हवं का? शेवटच्या प्रश्नावर शिव्या पडणार हे माहीत आहे.

भद्रकाली_मिसळ

शिव्या कशाला भाऊ, निदान विचारतोयस तरी. पण हर्पिस म्हणजे नागीणच ना? आमच्या काकांना कमरेला झाली होती, गेरू लावून उतरवली. दोन्ही बाजूंनी येऊन तोंडाला तोंड भिडलं की माणूस जातो म्हणतात.

त्वचावैद्य_नाशिकरोड

नाही. नागीण म्हणजे हर्पिस झोस्टर. तो कांजिण्यांचा विषाणू, लहानपणी होऊन गेलेला, म्हातारपणी किंवा अशक्तपणात पुन्हा डोकं वर काढतो. त्याचा लैंगिक संबंधांशी काही संबंध नाही. तोंडाला तोंड भिडण्याची गोष्टही खोटी. गेरूने नागीण बरी होत नाही, ती आपली आपण बरी होते आणि श्रेय गेरूला जातं.

धागाकर्त्याने विचारलेला हर्पिस सिम्प्लेक्स. त्याचे दोन प्रकार, एचएसव्ही-१ आणि एचएसव्ही-२. सविस्तर रात्री लिहितो, ओपीडी आहे. तोवर एकच प्रश्न: तुमचा प्रकार कोणता, हे कुणी तपासलं का? फोडातला स्वॅब घेतला होता?

मखमलाबाद_नाका

नाही डॉक्टर. नुसतं बघून सांगितलं.

जुना_पंचवटीकर

लग्नाआधी असले उद्योग करायचे आणि मग आकडेवारी मागत फिरायचं. रामाच्या गावात

(उर्वरित मजकूर संपादित. धागा आरोग्य विभागात आहे. मदत करायची नसेल तर पुढे जा. – संपादक)

निळी_ओढणी

पंचवटीकर काका, मला हा आजार आहे आणि आयुष्यात माझा एकच मित्र होता. त्याला स्वतःला असल्याचं माहीत नव्हतं. त्याला कधी फोड आलेच नव्हते, निदान त्याच्या लक्षात तरी आले नव्हते. तुमच्या हिशोबात मी किती उद्योगी बसते ते ठरवा.

मखमलाबाद, तुझ्यासाठी लिहिते. मी इंदिरानगरची, लग्न होऊन बरीच वर्षं झाली, एक मुलगी आहे. मला एचएसव्ही-२ आहे, नवऱ्याला नाही, त्याची रक्ततपासणी अजूनही निगेटिव्ह येते. पण माझ्यावरून तुझ्या बायकोचा अंदाज बांधू नकोस. बाईकडून पुरुषाला लागण्यापेक्षा पुरुषाकडून बाईला जास्त सहज लागतो, कारण आमच्याकडे नाजूक ओली त्वचा जास्त. डॉक्टर आकडे देतीलच.

मी ठरवाठरवीच्या वेळीच सांगितलं होतं. आमचंही असंच जमवलेलं लग्न. गंगापूर रोडला कॉफी प्यायला भेटलो होतो, तिथे सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. त्यानंतर बरेच दिवस फोन नाही, आणि मी मनातून ते स्थळ गेलं असं धरून चालले होते. मग एका रात्री त्याचा मेसेज आला, त्यात फक्त प्रश्न होते. टॉवेल वेगळा लागेल का, मुलांचं काय, रोज गोळी घ्यावी लागते का. मला तेव्हा कळलं की हा माणूस पळालेला नाही, वाचत बसलाय.

आणि सांगण्याबद्दल. समज तू सांगितलं नाहीस. मग रोजची गोळी कुठे लपवणार? लग्नानंतर कंडोम कशासाठी म्हणून सांगणार? मांडीला चुरचुरायला लागल्यावर आज नको म्हणायला कारण काय देणार? एकदा डोकं दुखेल, दोनदा दुखेल. न सांगता यातलं काहीच धड पाळता येत नाही. मी नवऱ्याला "आज सिग्नल लाल" एवढंच म्हणते आणि तो कूस बदलून झोपतो.

सातपूर_सेकंडशिफ्ट

माझी पण मदत करा कोणीतरी. फुल बॉडी चेकअपचं पॅकेज घेतलं त्यात हर्पिस १+२ आयजीएम पॉझिटिव्ह आलं. मला कधीच फोड नाही, काहीच नाही. लॅबवाला म्हणतो डॉक्टरला दाखवा. झोप उडाली आहे. बायकोला माहेरी पाठवून दिलंय, कारण सांगितलेलं नाही.

त्वचावैद्य_नाशिकरोड

आधी सातपूरकरांचं, कारण ते सोपं आहे. आयजीएम म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिपिंडांची तपासणी, आणि हर्पिससाठी ती निरुपयोगी आहे. ती दुसऱ्याच विषाणूमुळे किंवा कशामुळेही पॉझिटिव्ह येते, आणि खऱ्या जुन्या हर्पिसमध्येही अधूनमधून येते. तिच्यावरून नवा आजार की जुना, एक की दोन, काहीही ठरत नाही. ती चाचणी पॅकेजमध्ये घालणाऱ्यांना मला दोन शब्द बोलायचे आहेत, पण ते इथे छापता येणार नाहीत. बायकोला परत आणा.

आयजीजी, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांची, ही जरा बरी तपासणी, पण तीही एक आणि दोन वेगवेगळं सांगणारी हवी. लागण झाल्यापासून साधारण १२ आठवडे तरी गेलेले हवेत, त्याआधी निगेटिव्ह आली तर त्याला अर्थ नाही. एचएसव्ही-२ चा आकडा १.१ च्या वर पण ३ च्या आत असेल तर खोटा पॉझिटिव्ह असण्याची शक्यता बरीच असते. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि तपासण्यांवर देखरेख ठेवणारी संस्था) २०२३ मध्ये याच कारणासाठी डॉक्टरांना सावध केलं. तिथली सरकारी समितीही लक्षणं नसलेल्यांची सरसकट हर्पिस तपासणी करू नका म्हणते. आपल्याकडे मात्र लग्नाआधीच्या पॅकेजात ती हौसेने टाकतात.

आता मखमलाबाद.

तुमच्या डॉक्टरांनी निदान बरोबर केलं, औषध बरोबर दिलं. पण "फोड नसताना काळजी नको" हे बरोबर नाही. हा विषाणू कमरेच्या खालच्या भागातल्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये मुक्काम ठोकतो, पाठीच्या कण्याजवळ. तिथून तो मधूनच मज्जातंतूवरून खाली त्वचेपर्यंत येतो. कधी फोड उठतात, कधी एखादी चीर पडते जी खाजवल्यामुळे पडली असं वाटतं, आणि पुष्कळदा काहीही दिसत नाही, तरी त्वचेवर विषाणू असतो. २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात एचएसव्ही-२ असलेल्या ४९८ जणांनी घरी रोज स्वॅब घेतले. ज्यांना फोड यायचे त्यांच्यात २० टक्के दिवस विषाणू सापडला. ज्यांना आयुष्यात कधी फोड आले नव्हते, त्यांच्यातसुद्धा १० टक्के दिवस. निळी_ओढणी यांच्या मित्राचं कोडं इथे सुटतं.

लागण प्रत्यक्षात कधी होते हेही पाहिलं गेलंय. १९९२ च्या एका अभ्यासात १४४ जोडपी होती, एकाला जननेंद्रियांचा हर्पिस, दुसऱ्याला नाही. साधारण वर्षभर त्यांच्यावर लक्ष ठेवलं. १४ जोडप्यांत लागण झाली. त्यातल्या ज्या १३ जणांची नीट माहिती मिळाली, त्यांच्यापैकी ९ जणांना जोडीदाराला कोणतंही लक्षण नसताना लागला. आणि निळी_ओढणी म्हणाल्या तो फरक: नवरा बाधित असलेल्या ६५ जोडप्यांत ११ बायकांना लागला, बायको बाधित असलेल्या ७९ जोडप्यांत फक्त ३ पुरुषांना. अभ्यास लहान आहे, रोज गोळी देण्याची पद्धत रुळण्याआधीचा आहे, पण दिशा समजते. तुम्ही विचारलंत शंभरात एक की पन्नास. नुसतं फोड असताना लांब राहिलं आणि बाकी काही केलं नाही, तर वर्षाला शंभरात दहा ते सतराच्या आसपास धरून चाला. पन्नास नाही, पण एकही नाही.

तो खाली आणता येतो. कसं ते पुढच्या प्रतिसादात, टाइप करून बोटं दुखली.

भद्रकाली_मिसळ

डॉक्टर, बोटांना गेरू लावा.

त्वचावैद्य_नाशिकरोड

लावला. पुढे.

गोळी. २००४ मध्ये मोठी चाचणी झाली, १४८४ जोडपी, सगळी स्त्री-पुरुष, एकाला एचएसव्ही-२, दुसऱ्याला नाही. बाधिताला आठ महिने रोज एक गोळी, निम्म्यांना व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम, निम्म्यांना नुसती साखरेची. सगळ्यांना कंडोम वापरा, फोड असताना लांब राहा, हे समजावलं होतं. साखरेच्या गटात ७४१ पैकी २७ जोडीदारांना लागण झाली, औषधाच्या गटात ७४३ पैकी १४ जणांना. म्हणजे जवळपास निम्मी. फोड येण्याइतका त्रास झालेले जोडीदार साखरेच्या गटात १६, औषधाच्या गटात ४. साखरेच्या गटाकडेसुद्धा लक्ष द्या. तिथे औषध नव्हतं, फक्त दोघांनाही माहीत होतं आणि सल्ला मिळाला होता, तरी आठ महिन्यांत शंभरात चारहून कमी.

असायक्लोव्हिरही रोज घेता येतं, ४०० मिलिग्रॅम दोन वेळा, आणि फोड येणं त्यानेही चांगलंच कमी होतं. पण जोडीदाराला लागण कमी होते, हे चाचणी करून दाखवलंय ते व्हॅलासायक्लोव्हिरने, म्हणून लग्नाच्या पहिल्या काळात मी तेच देतो. या गोळ्या मनाने सुरू करू नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा बदलावी लागते.

कंडोम. "उपयोग नाही" असं ज्यांनी लिहिलं त्यांच्या डोक्यात हे असतं की अंडकोश, जांघ, मांडी, कुल्ले उघडेच राहतात आणि विषाणू तिथेही उतरतो. ते खरं आहे. तरी उपयोग आहे. वेगवेगळ्या अभ्यासांची माहिती एकत्र करून २००९ मध्ये काढलेल्या हिशोबात नेहमी कंडोम वापरणाऱ्यांना न वापरणाऱ्यांपेक्षा एचएसव्ही-२ ची लागण ३० टक्क्यांनी कमी होती. २०१६ च्या अभ्यासात आफ्रिकेतली जोडपी होती, आणि प्रत्येक संबंधामागे किती धोका असं मोजलं. त्यात पुरुषाकडून स्त्रीला होणारी लागण कंडोममुळे ९६ टक्क्यांनी कमी निघाली, स्त्रीकडून पुरुषाला होणारी ६५ टक्क्यांनी. आकड्यांत एवढं अंतर का, तर "नेहमी वापरतो" म्हणणारे नेहमी वापरतातच असं नाही. तुमच्या बाबतीत, म्हणजे पुरुषाकडून स्त्रीला, कंडोम चांगला कामाचा आहे.

एक गोष्ट आवर्जून: खोबरेल तेल, व्हॅसलिन कंडोमवर लावू नका, रबर फाटतं. पाण्यावर आधारित जेल मेडिकलमध्ये मिळतं.

फोडांच्या आधीची चाहूल ओळखायला शिका. मुंग्या, चुरचुर, एका बाजूच्या मांडीत किंवा कुल्ल्यात कळ. तिथपासून खपली पडून खालची कातडी सारखी होईपर्यंत संबंध नाही, कंडोम असला तरी नाही. टॉवेल, कमोड, ताट-वाटी यांची भीती नको, विषाणू शरीराबाहेर फार टिकत नाही.

कॉलेजरोडकरीण

डॉक्टर, माझा प्रश्न उलटा आहे. मला खाली आलं होतं, स्वॅबमध्ये एचएसव्ही-१ निघाला. माझा जो मित्र आहे त्याचा संबंध फक्त माझ्याशीच, आणि त्याला लहानपणापासून ताप आला की ओठाला फोड येतात. मी त्याच्यावर संशय घेऊन मोकळी झाले होते. असं होऊ शकतं का?

त्वचावैद्य_नाशिकरोड

होऊ शकतं, आणि हल्ली बऱ्याचदा असंच होतं. ओठावरचा एचएसव्ही-१ मुखमैथुनातून खाली येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजात पन्नाशीच्या आतल्या ३८० कोटी लोकांना एचएसव्ही-१ आहे, शंभरात ६४ जणांना. बहुतेकांना लहानपणी घरातल्यांच्या पाप्यांतून. एचएसव्ही-२ आहे १५ ते ४९ वयातल्या ५२ कोटींना, शंभरात १३. तुमच्या मित्राने काहीही केलेलं नाही, फक्त त्याच्या आजीने लाड केले असतील.

खालच्या एचएसव्ही-१ चं बरं हे की तो सहसा फार वेळा परत येत नाही, आणि पहिल्या वर्षातच त्वचेवर येण्याचं त्याचं प्रमाण उतरत जातं. आणि हा विषाणू तुमच्या मित्राच्या अंगात आधीच आहे, त्यामुळे तुमच्याकडून त्याला पुन्हा लागण्याची चिंता जवळजवळ नाहीच.

म्हणूनच मी मखमलाबादना पहिला प्रश्न प्रकाराचा विचारला. तुमचा एचएसव्ही-१ निघाला आणि तिला तो लहानपणीच झालेला असला, तर या सगळ्या आकडेमोडीची गरजच उरणार नाही. पुढच्या वेळी फोड आले की पहिल्या-दुसऱ्या दिवशीच, खपली धरायच्या आत, डॉक्टरांकडे जाऊन पीसीआरसाठी स्वॅब द्या. वाळल्यावर काही सापडत नाही. दरम्यान रक्ताची प्रकार सांगणारी आयजीजी करून घ्या. पण ती फोड कुठल्या प्रकाराचे होते हे सांगत नाही, अंगात कोणते प्रकार आहेत एवढंच सांगते.

जुना_पंचवटीकर

डॉक्टर, ओठावर फोड मलाही थंडीत येतात. तेही हेच का?

त्वचावैद्य_नाशिकरोड

बहुधा हेच. नातवंडांची पापी त्या दिवसांत घेऊ नका, आणि अगदी तान्ह्या बाळाच्या जवळ तर जाऊच नका.

निळी_ओढणी

काका, स्वागत आहे. 😊

कोर्टाची_पायरी

एक कायद्याची बाजू, कारण "सांगायलाच हवं का" हा प्रश्न आलाय. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३ मध्ये, संसर्ग होऊ शकेल अशा स्वरूपाचा गुप्तरोग हे घटस्फोटाचं एक कारण दिलेलं आहे. कलम १२ मध्ये, जोडीदाराबद्दलची महत्त्वाची बाब लपवून संमती मिळवली असेल तर विवाह रद्द ठरवून मागता येतो. हर्पिस त्यात बसतो की नाही हे त्या त्या प्रकरणातल्या पुराव्यांवर ठरेल, मी इथे निकाल देत नाही. मात्र लपवून लग्न केलं आणि वर्षभराने तिला फोड आले, तर तू कोर्टात काय उत्तर देशील याचा विचार आजच कर. आधी सांगितलेलं असेल, तर यातलं निदान लपवल्याचं कलम तरी उभं राहत नाही.

त्वचावैद्य_नाशिकरोड

वकिलांनी कोर्टाचं सांगितलं, मी दवाखान्याचं सांगतो. २००६ चा एक छोटा अभ्यास आहे, नव्याने एचएसव्ही-२ झालेल्या लोकांचा. ज्यांच्या जोडीदाराने आधी "मला हर्पिस आहे" असं सांगितलं होतं, त्यांना लागण व्हायला लागलेल्या काळाचा मध्य २७० दिवस. ज्यांना सांगितलं नव्हतं, त्यांचा ६० दिवस. विषाणू तोच. निळी_ओढणी यांनी वर "कूस बदलून झोपतो" लिहिलंय ना, तो उपाय सांगितल्याशिवाय वापरता येत नाही.

सातपूर_सेकंडशिफ्ट

आयजीजी केली. एचएसव्ही-२ निगेटिव्ह, १ पॉझिटिव्ह. बायकोला आणलं. तिला सगळं सांगितलं तर म्हणाली, पॅकेजवर एवढे पैसे घातले त्यात पैठणी आली असती. धन्यवाद डॉक्टर.

मखमलाबाद_नाका

उशिरा आलो, माफ करा. मधल्या काळात फोड परत आले आणि या वेळी वेळेत स्वॅब दिला. नमुना नाशिकमध्येच घेतला, तपासणी बाहेरगावी झाली. एचएसव्ही-२ निघाला. मनातून एक यावा असं वाटत होतं, ते झालं नाही.

तिला सांगितलं. फोनवर नाही, रविवारी पुण्याला गेलो. कसं बोललो ते इथे लिहीत नाही. ती रडली नाही आणि चिडलीही नाही, एकदम गप्प झाली. निघताना म्हणाली, मला विचार करू दे, तोवर दोन्ही घरी काही बोलू नकोस. चार दिवसांनी तिचे प्रश्न आले. ते जसेच्या तसे टाकतोय, तिच्या परवानगीने.

"मला आधी माझी तपासणी करायची आहे, ती कोणती? मला लागलाच तर मी मरणार नाही हे कळलं, पण रोजचं आयुष्य कसं असेल? मूल हवं असेल तेव्हा कंडोम कसा वापरणार? आणि बाळाला होतो असं वाचलं, ते किती खरं? तू गोळी किती वर्षं घेणार?"

निळी_ओढणी

या मुलीला माझा नमस्कार सांग. रोजच्या आयुष्याचं मी सांगते. पहिला झटका वाईट असतो, लघवीला बसताना रडू येतं, कोमट पाणी ओतत ओतत करावी लागते. नंतरचे हलके. सुरुवातीला वर्षातून चार-पाच वेळा तरी यायचे, आता एखादं वर्ष कोरडंही जातं. जागरण, पाळी, ताप, यांनी उठतात. माझ्या सासूबाईंना आजही माहीत नाही, आणि नणंदेला तर मुळीच कळू देणार नाही. शरीराला त्रास कमी, मनाला जास्त, आणि मनाचा त्रास पहिल्या वर्षानंतर ओसरतो. माझा तरी ओसरला.

त्वचावैद्य_नाशिकरोड

तिची तपासणी: प्रकार वेगवेगळा सांगणारी आयजीजी, एचएसव्ही-१ आणि २. आयजीएम नको, लॅबने फुकट दिली तरी नको. आणि दोघांनी एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी याही करून घ्या. एचएसव्ही-२ असलेल्या माणसाला एचआयव्हीची लागण होण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो, म्हणून तुमचीही हवी. खाजगीत जायचं नसेल तर जिल्हा रुग्णालयात "सुरक्षा क्लिनिक" असतं, आपल्याकडे त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये चौकशी करा. तिथे सल्ला आणि औषध फुकट मिळतं. हर्पिसच्या फोडांसाठी राष्ट्रीय कार्यक्रमात लाल रंगाचं पाकीट ठरलेलं आहे, त्यात असायक्लोव्हिर असतं. नुसतं फोनवर विचारायचं असेल तर १०९७. सीबीएस बसस्थानकाच्या भिंतीवरच्या "गुप्तरोग हमखास इलाज"वाल्यांकडे जाऊ नका. हा विषाणू शरीरातून कायमचा काढणारं औषध अजून नाही, लसही बाजारात नाही. हमखास म्हणणारा फसवतोय.

मूल. ज्या महिन्यांत प्रयत्न करायचा, तेव्हा कंडोम सुटतो, गोळी चालू राहते आणि लाल सिग्नल तसाच पाळायचा. हवं तर संबंध फक्त बीज सुटण्याच्या दिवसांपुरते ठेवता येतात. थोडा धोका त्या काळात उरतो, तो तिला आधी माहीत असायला हवा.

बाळ. इथे बारीक लक्ष द्या, कारण नेटवरच्या भीतीचा मोठा भाग इथून येतो. आईला हर्पिस जुना असेल तर तिने तयार केलेली प्रतिपिंडं बाळालाही मिळतात, आणि बाळंतपणात बाळाला लागण्याचा धोका एक टक्क्याच्याही आत असतो. अशा बायकांना ३६ व्या आठवड्यापासून असायक्लोव्हिर देतात, आणि कळा सुरू होताना फोड किंवा त्यांची चाहूल असेल तरच सिझेरियन. खरा धोका आहे तो आईला पहिल्यांदा लागण शेवटच्या तिमाहीत झाली तर. तेव्हा बाळाला ३० ते ५० टक्के, आणि नवजात बाळातला हर्पिस जिवावर बेततो. म्हणून तिला तोपर्यंत लागलेला नसेल, तर शेवटचे तीन महिने संबंध पूर्ण बंद. या काळात कंडोम आणि गोळीच्या भरवशावर राहायचं नाही. आणि प्रसूतीच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगून ठेवा.

गोळी किती वर्षं: ठरलेली मुदत नाही. दरवर्षी एकदा बसून ठरवायचं. लोक वर्षानुवर्षं घेतात, औषध जुनं आणि विश्वासाचं आहे. असायक्लोव्हिरवरच्या कामात मोठा वाटा असलेल्या गर्ट्रूड एलियन बाईंना १९८८ मध्ये नोबेल मिळालं.

कॉलेजरोडकरीण

वाचनखूण साठवली. मी माझ्या मित्राची माफी मागितली, तो अजून भाव खातोय.

मखमलाबाद_नाका

तिचा रिपोर्ट आला. एचएसव्ही-१ पॉझिटिव्ह, २ निगेटिव्ह. बाकी सगळं दोघांचं निगेटिव्ह. तिला हसू आलं, म्हणाली मला पण हर्पिस आहे आणि मला कधी कळलंच नाही. डॉक्टर, तिच्या १ मुळे माझा २ अडेल का?

साखरपुडा ठरल्या तारखेला आहे. तिने दोन गोष्टी मागितल्या. गोळी चुकली तर त्याच दिवशी तिला सांगायचं, आणि लग्नाआधी एकदा दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जायचं. निफाडच्या घरी काय सांगायचं ते तिने स्वतःकडे ठेवलंय. मी विचारलं नाही.

कोर्टाची_पायरी

अभिनंदन. तिचे ते प्रश्न आणि तुझी उत्तरं, दोन्ही मेसेज डिलीट करू नकोस.

भद्रकाली_मिसळ

वकीलसाहेब, साखरपुड्याला असले आशीर्वाद?

त्वचावैद्य_नाशिकरोड

अडत नाही. एचएसव्ही-१ आधीच असल्याने २ लागायचा थांबत नाही, पण लागलाच तर पहिला झटका बराच सौम्य असतो. त्यामुळे कंडोम, गोळी, चाहूल लागताच विश्रांती, हे तसंच चालू ठेवा. तिला लक्षणं नसली तरी वर्षातून एकदा तिची आयजीजी करून बघता येईल.

गोळी चुकली तर आठवली की घ्या. दुसऱ्या दिवसाची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका. सुरू करण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासा, पाणी भरपूर प्या. द्राक्षाच्या हंगामात रात्रपाळी असते ना तुमच्याकडे, तेव्हा जागरणाने फोड उठले तर त्याच दिवसापासून उपचाराची मात्रा घ्यायची असते. ती चिठ्ठी आधीच लिहून घेऊन घरात ठेवा.

मखमलाबाद_नाका

द्राक्षं सासऱ्यांची, डॉक्टर. माझी रात्रपाळी कंपनीची. पण चिठ्ठी घेऊन ठेवतो.